मेरीलँडचा डेलिगेट व्हायचंय, पण नोकरीचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा एकतीस वर्षांचा, जन्माने अमेरिकन नागरिक, पेशाने इंजिनीअर, मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीत राहणारा. त्याला राज्याच्या विधिमंडळात, म्हणजे हाउस ऑफ डेलिगेट्समध्ये निवडून जायचंय. नोकरी सोडावी का, पगार किती मिळतो आणि इथून पुढे काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, जाता येतं का, असं तुम्ही विचारलंय. मी अ‍ॅनापोलिसमध्ये, म्हणजे राज्याच्या राजधानीत, आधी एका डेलिगेटच्या कार्यालयात आणि नंतर कमिटीच्या, म्हणजे बिलं तपासणाऱ्या सदस्यांच्या समितीच्या, कामात बरीच वर्षं काढली आहेत. हा प्रश्न मला अनेक घरांतून आलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच शंका आहे असं मला वाटतं: हे पूर्ण वेळेचं करिअर आहे, की नोकरी सांभाळून करायचं काम? माझं उत्तर असं की हे तीस-तीस वर्षं चालणारं खरंखुरं करिअर होऊ शकतं, पण बहुतेक राज्यांत त्यावर घर चालत नाही. आणि त्यातली खरी कमाई जमा होते ती कमिटीच्या खोलीत. म्हणून आधी पोटापाण्याचं बघायचं, मग कमिटीचा विचार करायचा आणि काँग्रेसचा सगळ्यात शेवटी. घरोघरी चर्चा नेमकी उलटीकडून सुरू होते.

मुळात कोणतं राज्य यावर सगळं ठरतं. न्यू हॅम्पशायरच्या खालच्या सभागृहात ४०० सदस्य आहेत आणि त्यांना वर्षाला १०० डॉलर मिळतात. ही रक्कम १८८९ पासून राज्यघटनेतच लिहिलेली आहे. न्यू मेक्सिकोत तर पगारच नाही, फक्त रोजचा भत्ता. टेक्ससमध्ये महिना ६०० डॉलर आणि नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, १४० दिवसांचं. दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियात सव्वा लाखाच्या वर आणि न्यूयॉर्कमध्ये १ लाख ४२ हजार डॉलर, म्हणजे तिथे ही पूर्ण वेळची नोकरीच झाली. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या कोणाचा सल्ला मेरीलँडला लावू नका, आणि मी लिहितेय तेही दुसऱ्या राज्याला जसंच्या तसं लावू नका.

मेरीलँड मधल्या गटात मोडतं. ४७ डिस्ट्रिक्ट म्हणजे मतदारसंघ, प्रत्येकातून एक सिनेटर आणि तीन डेलिगेट, एकूण १४१ डेलिगेट. दोन्ही सभागृहांची मुदत चार वर्षं. अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होतं आणि ९० दिवसांनी मध्यरात्री संपतं. पगार वर्षाला ५० हजार डॉलरांच्या वर पण ६० हजारांच्या आत. शिवाय राज्य कर्मचाऱ्यांचा आरोग्यविमा घेता येतो आणि अधिवेशनात राहण्या-जेवणाचा खर्च मिळतो. पगार किती असावा हे एक स्वतंत्र आयोग दर चार वर्षांनी सांगतो. विधिमंडळाला तो आकडा कमी करता येतो, वाढवता येत नाही. माँटगोमेरी काउंटीतली घरभाडी तुम्हाला माहीत आहेतच. एकट्या माणसाचं ओढूनताणून भागेल. लेकरंबाळं असतील तर जोडीदाराचा पगार तरी हवा, नाहीतर दुसरं काम.

आता हे दुसरं काम, इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. 'फक्त ९० दिवस' ऐकून वाटतं की तीन महिने बिनपगारी रजा घेतली की झालं. पण ते ९० दिवस म्हणजे अडीच हजारांच्या आसपास बिलं. सोमवारी रात्री सभागृह बसतं, मंगळवारपासून सकाळी सभागृह आणि दुपारी एकपासून कमिटीची सुनावणी. ती कधी कधी रात्री नऊपर्यंत चालते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुसऱ्या नोकरीचा ईमेल उघडायलाही सवड होत नाही. उरलेल्या नऊ महिन्यांत शाळांचे कार्यक्रम, रहिवाशांच्या बैठका, कोणाचा बेरोजगार भत्ता अडकलाय, कोणाचं लायसन्स रखडलंय, हे चालूच असतं. मेरीलँडमध्ये तर डेलिगेटने आपल्या डिस्ट्रिक्टमधल्या विद्यार्थ्यांना कॉलेजसाठी राज्याच्या पैशातून शिष्यवृत्त्या वाटायच्या असतात, तेही अर्ज वाचून. आणि हे सगळं कार्यालयातल्या एखाद-दुसऱ्या सहायकाच्या बळावर. त्यामुळे ज्यांच्या कामाचा ताल स्वतःच्या हातात असतो अशीच माणसं इथे टिकतात: वकील, छोटे व्यावसायिक, सल्लागार, निवृत्त शिक्षक. किंवा ज्यांचा मालक खरोखरच समजूतदार आहे अशी.

तुमचा मुलगा नेमका कुठे काम करतो हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझ्या दृष्टीने तीच सगळ्यात महत्त्वाची माहिती आहे. तो फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, कर्मचारी असेल, एनआयएच (आरोग्य संशोधन), एफडीए (अन्न-औषध नियमन), एनआयएसटी (मोजमाप आणि मानकं) अशा संस्थांच्या थेट पगारावर असेल, तर १९३९ चा हॅच कायदा आडवा येतो. फेडरल कर्मचाऱ्याला पक्षीय निवडणुकीत उमेदवार होता येत नाही आणि डेलिगेटची निवडणूक पक्षीयच असते. हरलं तर नोकरी चालू राहील असा मार्ग तिथे नाही. उमेदवार होण्याआधीच राजीनामा द्यावा लागतो. तो सरकारी कंत्राटावरच्या खासगी कंपनीत असेल तर हा कायदा साधारणपणे लागू होत नाही, मात्र कंपनीचे स्वतःचे नियम पाहावे लागतात. आपली कितीतरी मराठी मंडळी या काउंटीत याच संस्थांमध्ये आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांना हे माहीतच नसतं. कोणाकडून एक डॉलर देणगी घेण्याआधी हे लेखी विचारून घ्या.

खासगी नोकरी असेल तर माझं मत स्पष्ट आहे: निवडून येईपर्यंत सोडू नये. प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, होईपर्यंतच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत रजा घ्यावी, बाकी प्रचार संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी दारोदार फिरून होतो. निवडून आल्यावर मालकाशी जानेवारी ते एप्रिलचा लेखी करार करावा. आणि विधिमंडळाच्या नीतिविषयक सल्लागाराला सुरुवातीलाच विचारून घ्यावं की आपल्या कंपनीचा संबंध असलेल्या बिलावर मत देता येईल का. सदस्यांचं आर्थिक विवरण दरवर्षी जाहीर होतं, कोणीही वाचू शकतं.

आता कमिटीकडे येते, कारण करिअर घडतं ते तिथे. आपल्याकडे आमदार म्हटलं की पक्षाचा व्हिप आणि १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आलाच. खासगी सदस्याचं विधेयक मंजूर होणं ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट. इथे मामला वेगळा. पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून सदस्यत्व जाईल असा कायदा नाही, आणि बहुतेक बिलं ही कोणा ना कोणा सदस्याचीच असतात. हाउसमध्ये बिल संमत व्हायला ७१ मतं लागतात आणि ती एकेक करून गोळा करावी लागतात. म्हणजे पहिल्या खेपेला आलेल्या डेलिगेटच्या नावावरही राज्याचा कायदा होऊ शकतो. फक्त ते बिल कमिटीतून बाहेर यायला हवं.

एक उदाहरण देते. नवीनच निवडून आलेल्या एका सदस्याने बिल आणलं: काँडोमध्ये, म्हणजे मालकीच्या फ्लॅटच्या इमारतीत, राहणाऱ्याला आपल्या पार्किंगच्या जागेत स्वखर्चाने गाडीचा चार्जर बसवता यावा, इमारतीच्या असोसिएशनला सरसकट नाही म्हणता येऊ नये. मुद्दा लोकप्रिय होता. प्रत्येक बिलासोबत राज्याच्या खर्चाची एक टिपणी असते, त्यात राज्याला खर्च शून्य. सदस्याने उत्तम भाषण केलं. मग चेअरने, म्हणजे कमिटीच्या प्रमुखाने, शांतपणे विचारलं, "घर विकलं की चार्जर कोणाचा? आणि आग लागली तर विमा कोणाचा?" उत्तर नव्हतं. मागच्या रांगेत असोसिएशनचे वकील बसले होते, त्यांना बोलायचीही गरज पडली नाही. बिल कमिटीतच राहिलं, मतालाच आलं नाही. तो सदस्य त्या उन्हाळ्यात त्याच वकिलांकडे गेला. विम्याचं प्रमाणपत्र रहिवाशाने द्यायचं, घर विकताना खरेदीदाराला लेखी कळवायचं, काढला तर भिंत पूर्ववत करून द्यायची, अशी तीन कलमं ठरली. पुढच्या अधिवेशनात वकील आणि सदस्य एकाच टेबलाशी बसून साक्ष द्यायला आले. यावेळी भाषण चार वाक्यांचं होतं आणि बिल निघालं. मला या कामात सगळ्यात मोलाचं काय वाटतं असं कोणी विचारलं तर मी त्या उन्हाळ्यातल्या बैठकांकडे बोट दाखवीन. त्यांची बातमी कुठेच येत नाही.

हा अनुभव साठत जातो आणि त्यातूनच बढती होते: सदस्य, मग उपसमितीचा प्रमुख, मग व्हाइस चेअर, मग चेअर. कोणाला कुठे बसवायचं हे स्पीकर ठरवतात. मेरीलँडमध्ये एक डेलिगेट एकाच स्थायी कमिटीवर असतो, त्यामुळे वर्षानुवर्षं तेच विषय समोर येतात आणि माणूस त्यात मुरतो. अधिकारही वाढलेत. १९१६ पासून विधिमंडळाला गव्हर्नरच्या बजेटमध्ये फक्त काटछाट करता येत असे. २०२० मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि आता एकूण रकमेच्या आत राहून एका खात्याचे पैसे दुसरीकडे वळवता येतात. बजेट वाचता येणाऱ्या माणसाला, आणि इंजिनीअरला ते नक्की जमेल, अ‍ॅनापोलिसमध्ये फार किंमत आहे.

या वाटेचं सगळ्यात चांगलं उदाहरण तुमच्याच काउंटीत आहे: कुमार बर्वे. नाव मराठी, जन्म न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीचा, शिक्षण अकाउंटिंगचं. १९९० मध्ये रॉकव्हिल-गेदर्सबर्ग भागातल्या डिस्ट्रिक्ट १७ मधून निवडून आले तेव्हा तेही साधारण तुमच्या मुलाच्याच वयाचे होते. अमेरिकेतल्या राज्य विधिमंडळावर निवडून गेलेले पहिले भारतीय वंशाचे सदस्य अशी त्यांची नोंद आहे. खासगी कंपनीत आर्थिक जबाबदारीची नोकरी करत त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ ही जागा राखली. बारा-तेरा वर्षं ते मेजॉरिटी लीडर, म्हणजे बहुमतातल्या पक्षाचे सभागृहातले नेते, होते, मग २०१५ पासून पर्यावरण आणि वाहतूक कमिटीचे चेअर. २०२३ मध्ये ते राज्याच्या पब्लिक सर्व्हिस कमिशनवर गेले. वीज आणि गॅसचे दर तिथे ठरतात.

त्यांनीही काँग्रेससाठी प्रयत्न केला होता. २०१६ मध्ये आठव्या डिस्ट्रिक्टच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत ते उभे होते. जिंकले जेमी रास्किन, जे तोपर्यंत मेरीलँडचेच स्टेट सिनेटर होते. त्याच प्रायमरीत एका उद्योजकाने स्वतःच्या खिशातले एक कोटीहून अधिक डॉलर ओतले आणि तोही हरला. बर्वे हरल्यावर काय झालं? काहीच नाही, ते पुन्हा चेअरच्या खुर्चीत येऊन बसले. मेरीलँडच्या विधिमंडळाच्या निवडणुका २०१४, २०१८, २०२२ अशा गव्हर्नरच्या वर्षी होतात. २०१६ हे अध्यक्षीय निवडणुकीचं वर्ष. अशा वर्षी काँग्रेससाठी उभं राहिलं तर राज्यातली जागा सोडावी लागत नाही. उलट बाजू बघायची तर अरुणा मिलर. हैदराबादेत जन्मलेल्या, माँटगोमेरी काउंटीत वाहतूक अभियंता म्हणून काम केलेल्या आणि २०१० मध्ये डेलिगेट झालेल्या. त्यांनी २०१८ मध्ये काँग्रेसची प्रायमरी लढवली. ते राज्याच्याही निवडणुकीचं वर्ष होतं, त्यामुळे डेलिगेटची जागा सोडावी लागली, आणि प्रायमरी हातची गेली. चार वर्षं त्या कोणत्याही पदावर नव्हत्या. २०२२ मध्ये त्या लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर, म्हणून निवडून आल्या ही आनंदाची गोष्ट, पण मधल्या चार वर्षांची तयारी घरात असायला हवी. कर्तबगारीत दोघं तोलामोलाचे. फरक पडला तो कॅलेंडरमुळे.

राज्य बदललं की वाटही कशी बदलते यासाठी आणखी दोन मराठी नावं सांगते. नागपूरच्या स्वाती दांडेकर आयोवात आल्या. त्यांची सुरुवात १९९६ मध्ये लिन-मार शाळा मंडळापासून झाली. २००२ च्या निवडणुकीत त्या आयोवाच्या हाउसवर निवडून गेल्या. भारतात वाढलेली बाई आमचं प्रतिनिधित्व कसं करणार, असा सूर त्या निवडणुकीत विरोधी उमेदवाराने लावला होता. पण लोक त्यांना सहा वर्षं शाळेच्या कामातून ओळखत होते आणि त्यांनी मतं त्यांनाच दिली. पुढे त्या सिनेटमध्ये गेल्या. २०११ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर टेरी ब्रॅनस्टॅड यांनी या डेमोक्रॅट सिनेटरची नेमणूक राज्याच्या युटिलिटीज बोर्डावर, म्हणजे वीज-गॅसच्या नियामक मंडळावर, केली. सिनेटमध्ये तेव्हा डेमोक्रॅट्सचं २६-२४ असं बहुमत होतं, म्हणजे त्यांच्या राजीनाम्याने सभागृह कोणाच्या हातात राहणार हेच पणाला लागलं. पोटनिवडणुकीत डेमोक्रॅट्सनी जागा राखली. २०१४ मध्ये त्या काँग्रेसच्या प्रायमरीत हरल्या आणि नंतर ओबामांच्या काळात आशियाई विकास बँकेवर अमेरिकेच्या प्रतिनिधी म्हणून गेल्या. आयोवाचा पगार वर्षाला २५ हजार डॉलर. तेवढ्यावर कोणी कारकीर्द उभी करत नाही, घरचा आधार लागतोच.

दुसरे बेळगावचे श्री ठाणेदार. १९७९ मध्ये अमेरिकेत आले, रसायनशास्त्रात पीएचडी, मग उद्योग. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत स्वतःचे लाखो डॉलर खर्चून तिसरे आले. २०२० मध्ये डेट्रॉइटमधून राज्याच्या हाउसवर निवडून आले आणि एकाच खेपेनंतर, २०२२ मध्ये, थेट काँग्रेसमध्ये. मिशिगनमध्ये १९९२ पासून मुदतमर्यादा आहे. तेव्हाच्या नियमाने हाउसमध्ये दोन-दोन वर्षांच्या तीनच खेपा मिळत, म्हणजे बर्व्यांसारखं तीस वर्षं बसणं तिथे शक्यच नव्हतं. मेरीलँडमध्ये डेलिगेटला अशी मर्यादा नाही. ठाणेदारांच्या मार्गाला स्वतःचा पैसा लागतो. तुमच्या मुलाकडे तो नसेल, तर त्याचा मार्ग दांडेकरांच्या आणि बर्व्यांच्या जवळचा आहे.

इथवर आल्यावर तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं: काँग्रेसमध्ये जाता येतं, पण ते गृहीत धरून नोकरी सोडू नये. जे जात नाहीत त्यांच्यासाठीही नियामक मंडळं, राज्याची खाती, काउंटीची पदं अशी दारं उघडतात, आणि ती उघडतात कमिटीत कमावलेल्या ज्ञानामुळे. वीज, पाणी, रस्ते या विषयांत चार माणसं तुमचं मत विचारायला लागली की समजायचं गाडी रुळावर आहे.

आता उमेदवारीबद्दल. वयाची अट २१, राज्यात एक वर्ष आणि डिस्ट्रिक्टमध्ये सहा महिने राहिलेलं असावं लागतं. माँटगोमेरी काउंटीत डेमोक्रॅटिक पक्षाचा जोर एवढा आहे की खरी निवडणूक प्रायमरीतच होते, आणि मेरीलँडच्या प्रायमरीत फक्त त्या पक्षाकडे नोंदलेले मतदार मत देतात. म्हणजे कॉलनीतल्या सगळ्या घरांची दारं वाजवून उपयोग नाही, यादी पाहून वाजवायची असतात. तीन जागांसाठी मतदार तीन मतं देतो, त्यामुळे विद्यमान सदस्य बहुधा सिनेटरसोबत एक पॅनेल करून उतरतात. या पॅनेलविरुद्ध एकट्याने लढणं अवघड असतं. कोणी निवृत्त होत असेल त्या वर्षाची वाट पाहणं यात काही कमीपणा नाही. शिवाय मुदतीच्या मध्ये जागा रिकामी झाली तर मेरीलँडमध्ये पोटनिवडणूक होत नाही. पक्षाची काउंटी सेंट्रल कमिटी नाव सुचवते आणि गव्हर्नर नेमणूक करतात. आजचे कितीतरी सदस्य याच दाराने आत आलेत. म्हणून सेंट्रल कमिटीच्या बैठकांना आत्तापासून जायला लागावं. त्या खुल्या असतात आणि खुर्च्या बऱ्याचदा रिकाम्या असतात.

देणग्यांबाबत आपल्या समाजातून पैसे उभे राहतात, गणेशोत्सवात मंडळी उत्साहाने चेकही देतात. पण डिस्ट्रिक्टबाहेरच्या मराठी माणसाला मत देता येत नाही हे मुलाला स्पष्ट सांगा. पहिल्या शंभर देणगीदारांत निम्मे तरी त्याच्याच पिन कोडमधले असावेत असं मी नेहमी सुचवते, मग ती रक्कम २५ डॉलर का असेना. आणि विद्यमान सदस्यांना अधिवेशनाच्या ९० दिवसांत निधी गोळा करायला कायद्याने बंदी आहे. नवख्या उमेदवाराला तेवढे तीन महिने मोकळं मैदान असतं, ते त्याने वापरावं.

सगळ्यात आधी मात्र त्याने येत्या अधिवेशनात एकदा साक्ष द्यावी. कोणताही नागरिक विधिमंडळाच्या साइटवर नाव नोंदवून कोणत्याही बिलावर बोलू शकतो, दोन-तीन मिनिटं मिळतात. स्वतःच्या कामाशी जुळणारं बिल निवडावं, त्याची खर्चाची टिपणी नीट वाचावी आणि आपली पाळी झाल्यावर उठून न जाता शेवटच्या बिलापर्यंत तिथेच बसावं. त्या दिवशी घरी आल्यावर त्याला विचारा की कोणत्या कमिटीत जायचंय. तो काय म्हणाला आणि नोकरी नेमकी कुठे आहे, एवढं कळवलंत तर पुढचं नेमकेपणाने सांगता येईल.